काकांना एकदा त्या गाडीपाशी घेऊन जा

पत्र :

ताई, मी कळव्याला राहते. वय ३६. माझे आजोबा, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, गेल्या मार्गशीर्षात गेले. ठाण्यात त्यांचा अवजड मालवाहतुकीचा धंदा होता. बाळकुमला त्यांच्या जागेत अजून दोन जुने ट्रक उभे आहेत. एक टाटा १२१०, जाळीवर मर्सिडीजची चांदणी असलेला, आणि एक लेलँड कॉमेट. बाजूच्या शेडमध्ये स्क्रू जॅक, चेन पुल्या, वायर रोप, लोखंडी पाइप आणि रेल्वेचे लाकडी स्लीपर पडून आहेत. वीसेक वर्षं काहीच हललेलं नाही. आता जागा विकासकाला द्यायची ठरली आहे आणि दिवाळीआधी रिकामी करायची आहे. काकांनी भंगारवाला बोलावलाय. मी म्हटलं, निदान एक ट्रक ठेवू. तर भर बैठकीत ओरडले, ‘तुला काय माहितेय त्या गाड्यांचं!’ बाबा नेहमीसारखे गप्प. तेव्हापासून काकांचं-माझं बोलणं बंद आहे. मिस्टर म्हणतात, मुरबाडला आपली थोडी जागा आहे, तिथे नेऊन ठेवू. अण्णांच्या मांडीवर बसून मी ते स्टिअरिंग धरलंय हो. हट्ट सोडू की धरू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

उत्तर :

तू म्हणतेस म्हणून अगं-तुगंच करते.

आधी सरळ उत्तर. ट्रक ठेवायचा हट्ट सोड. त्याच्याऐवजी वेळेचा हट्ट धर. काकांकडे ट्रक मागू नकोस, तीन आठवडे माग. भंगारवाल्याला तीन आठवड्यांनी यायला सांगा, एवढंच. ते नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं. का, ते पुढे लिहिते.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडले. ‘तुला काय माहितेय त्या गाड्यांचं.’ तू ते अपमान म्हणून लिहिलंयस आणि तो झालाही असेल. पण तो प्रश्न म्हणून एकदा ऐक. खरंच, तुला काय माहीत आहे? तू अण्णांच्या मांडीवर बसलीस ती गाडी उभी राहिल्यावर, निदान धंदा उताराला लागल्यावर. काकांनी ती गाडी चालती पाहिली आहे. त्यांना आठवत असेल तो पंधरा-पंधरा दिवस घरी नसलेला बाप, हप्ता चुकल्याची चिठ्ठी, टायर फुटला म्हणून मोडलेली आईची पाटली. मी कपूरबावडीच्या नाक्याजवळ लहानाची मोठी झाले. माझे वडील पाटेमिस्त्री होते, ट्रकचे पाटे, म्हणजे एकावर एक पानं रचलेल्या स्प्रिंगा, उतरवायचे, तुटलेलं पान बदलून पुन्हा बांधायचे. आमच्या दारात ट्रकवाल्यांची पोरं असायची. मोठा मुलगा सुट्टीत बापाबरोबर क्लीनर म्हणून जायचा, हे त्या घरांत ठरलेलंच असे. नातवाला ट्रकचं हॉर्न मिळतं, मुलाला ट्रकचं ग्रीस मिळतं. तुझे काका थोरले असतील तर त्यांनी ते ग्रीस खाल्लेलं असणार.

म्हणून शेडमध्ये जाऊन एक वस्तू शोध. स्लीपरच्या ढिगात, नाहीतर कॉमेटच्या सीटमागे, एक तिरका कापलेला लाकडी ठोकळा सापडेल. त्याला धरायला दांडा किंवा दोरी असेल आणि तिरक्या अंगावर टायरच्या नक्षीचा काळा ठसा असेल. कसारा घाटात भरलेली गाडी चढताना क्लीनर खाली उतरून मागच्या चाकाबरोबर चालायचा तो हा ठोकळा घेऊन. गाडी चढावर दमली, गिअर पडला नाही, मागे सरकली, की क्षणात तो चाकाखाली सारायचा. त्या वेळच्या गिअरबॉक्समध्ये आजच्यासारखा गिअर अलगद पडत नसे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. याला डबल क्लच म्हणत. चढावर त्यात अर्धा श्वास चुकला की दहा-बारा टनांची गाडी मागे यायला लागे. मागे चाकाशी असायचा चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा. उतारावर वेगळी भीती. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ड्रम तापतो, लायनरचा जळका वास सुटतो आणि मग पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर.

तो ठोकळा काकांसमोर ठेव आणि फक्त विचार, हा कोण धरायचं? पुढे तू बोलू नकोस.

आता तुला थोडं मागचं सांगते, म्हणजे प्रश्न विचारताना हाताशी राहील. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १९५४ मध्ये पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनायला लागले. जाळीवरची ती चांदणी तिथली. करार १९६९ मध्ये संपला आणि चांदणीच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. म्हणजे चांदणी मूळची असेल तर गाडीचा काळ तिथेच कळतो. १२१० या आकड्याचाही अर्थ आहे : पहिले दोन आकडे म्हणजे मालासकट गाडीचं वजन साधारण १२ टन, पुढचे दोन म्हणजे इंजिनाची ताकद साधारण शंभर अश्वशक्ती. शंभर! आजच्या साध्या मोटारीत तेवढी असते. तेवढ्या ताकदीवर हे लोक घाट चढायचे. मद्रासची अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली, तुमची कॉमेट तिच्या घरची.

आणि ठाण्यालाच हा धंदा का वाढला? एमआयडीसी १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाली ती आपल्या वागळे इस्टेटमध्ये. त्याच दशकात ठाणे-बेलापूर रस्त्याला नोसिलसारखे मोठे रासायनिक कारखाने उभे राहिले. यंत्रं यायची मुंबईच्या गोदीत. वाशीचा पहिला खाडीपूल झाला १९७३ मध्ये. त्याआधी गोदीतून तुर्भ्याला यंत्र न्यायचं तर ठाण्याला येऊन कळव्यावरूनच वळावं लागे. तुझ्या घराच्या खिडकीतून दिसणारा रस्ता हा अण्णांचा रोजचा रस्ता होता, तोही रात्रीचा, कारण अवजड माल रात्रीच हलवायचा. काकांना विचार, कळव्याच्या पुलावर गाडी कितीच्या वेगाने घ्यायचे, आणि पुढे कोण चालायचं.

खरी विद्या तर गाडी पोचल्यावर सुरू व्हायची. सगळीकडे क्रेन नव्हत्या. पंधरा टनांचं यंत्र ट्रेलरवरून उतरवून पायाच्या बोल्टवर बसवायचं ते तुझ्या शेडमध्ये पडलेल्या सामानाने. स्क्रू जॅकने एक बोट उचलायचं, लगेच खाली लाकूड सारायचं, मग दुसऱ्या बाजूने एक बोट. जॅकच्या भरवशावर यंत्राखाली हात घालायचा नाही, उचललं तेवढं लाकडावर बसलंच पाहिजे. असं स्लीपरांचं घोडं रचत न्यायचं, पाइपांवर यंत्र घ्यायचं, पहारीने ढकलायचं. मागचा पाइप सुटला की धावत नेऊन पुढे घालायचा. खलाशी, म्हणजे अवजड माल हलवणारे कसबी कामगार, आणि हमाल सगळे मुकादमाच्या हाळीवर जोर लावायचे. हाळी आधी तोडली तर जोर वाया, उशिरा तोडली तर कुणाची तरी बोटं. ही हाळी कुठल्याही कागदावर नाही. अण्णांच्या टोळीतला एखादा म्हातारा मुंब्र्याला, कौसाला, कळव्याला असेल, त्याच्या गळ्यात ती असेल.

म्हणून मी तीन आठवडे म्हणते आहे. ही माणसं घरी सोफ्यावर बसवून विचारलंस तर सांगतील, ‘होतं बुवा, चालायचं.’ चहा पिऊन उठतील. त्यांना गाडीपाशी घेऊन जा. ट्रक उभे आहेत तोवरच हे होईल. माणूस गाडीला हात लावतो, दाराची कडी कुठून उचलायची ते हाताला आठवतं आणि मग तोंड सुटतं. हे मी अनुभवाने सांगते आहे.

माझे वडील गेले तेव्हा आम्ही घाईत होतो. जागा भाड्याची, मालकाला हवी होती. घण, ऐरण, शेगडीचा भाता, पाटे दाबायचा मोठा शिकंजा, सगळं दोन दिवसांत वजनावर गेलं. काट्यावर चढवताना मी तिथे उभी होते आणि मला एकाही हत्याराबद्दल चार वाक्यं सांगता आली नसती. तेराव्याला एक वयस्कर ड्रायव्हर आले. जेवण झाल्यावर मला म्हणाले, तुझ्या बापासारखा कान कुणाचा नव्हता. मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. बाबा पाट्याचं एकेक पान सुटं टांगून छोट्या हातोडीने वाजवायचे. खणखणीत वाजलं तर पान चांगलं. बद्द वाजलं तर आत चीर आहे, डोळ्याला दिसो न दिसो. रस्त्यावर तुटण्याआधी ते पान काढून टाकायचे. हे बोलताना ते ड्रायव्हर उजव्या हाताची दोन बोटं हवेत वाजवून दाखवत होते, आणि दाखवायला समोर एक पान नव्हतं, हातोडी नव्हती. लहानपणी रोज सकाळी तो आवाज ऐकत मी उठत होते. मला वाटायचं, बाबा काम करताना आवाज होतोय. तो आवाजच काम होता, हे मला त्या दिवशी कळलं. आज बारा वर्षं झाली, ती खंत गेलेली नाही.

काकांनी ऐकलं तर तुझ्या हातात तीन आठवडे आहेत. फोन वापर, पण चेहऱ्यांपेक्षा हातांवर धर. रस्त्याचा आवाज असतो, म्हणून सकाळी लवकर जा. दोघांना एकत्र बसव, काका आणि टोळीतलं कुणीतरी, म्हणजे एक चुकला की दुसरा दुरुस्त करतो. त्या दुरुस्तीत सगळ्यात चांगलं निघतं. ‘अण्णा कसे होते’ असं विचारू नकोस, त्याला सगळे एकच उत्तर देतात. ‘ही गाडी थंडीत चालू कशी करायचे,’ ‘ही गाठ कशी मारायची,’ ‘हे डागलेलं काय आहे,’ असं विचार. तुझ्या बाबांनाही ने. जो माणूस बैठकीत गप्प असतो तो पान्हा हातात दिल्यावर बोलतो, असं मी पाहिलंय.

आता मुरबाडचं. तिथे ट्रक नेऊन ठेवलास तर पहिल्या पावसाळ्यात केबिनचं तळ जाईल, तिसऱ्यात झाड उगवेल. नीट उभा करायचा तर पक्कं छप्पर, टायर, वायरिंग, इंजिन, आणि हे सगळं जाणणारा मिस्त्री लागतो. तेवढं करूनही तो रस्त्यावर सहज येणार नाही. २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचा नियम केला, पण तो पन्नास वर्षांपुढच्या, खासगी वापरातल्या दुचाकी आणि चारचाकी मोटारींसाठी आहे, मालट्रकसाठी नाही. नवऱ्याने मनापासून सुचवलंय, त्यांना तसं सांग. पण जो ट्रक हळूहळू कुजताना दर सुट्टीत पाहावा लागेल तो ठेवून तुला सुख होणार नाही. जाळी, स्टिअरिंगचं चाक आणि नंबरपट्टी काढून घे. त्या पट्टीवर एमएच-०४ च्या आधीच्या पद्धतीचा नंबर असेल, तीन अक्षरं आणि पुढे आकडे.

पण कागद पूर्ण करूनच गाडी जाऊ दे, हे काकांना माझ्या नावाने सांग. नोंदणी अजून अण्णांच्या नावावर असणार. मालक गेल्यावर वारसांनी तीन महिन्यांत आरटीओत अर्ज करायचा असतो. मुदत उलटली असली तरी ते आधी निस्तरा, सगळ्या वारसांच्या संमतीने. मग नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी द्या, त्यांचं प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. रोख पैसे देऊन कागद न मागणारा भंगारवाला परवडत नाही. चासी नंबर आणि आरसी बुक कुणाच्या हाती लागून दुसऱ्याच गाडीला चिकटलं तर पोलीस तुमच्या दारात येतील.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. चाकाचे ड्रम उघडलेच तर आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, मुलांना लांब ठेवा. आणि चेन पुली, वायर रोप, हुक कुणी ‘वापरायला देता का’ म्हणून मागेल. देऊ नका. कारखान्यांत उचलण्याची साधनं ठरावीक मुदतीने जाणकाराकडून तपासून घ्यावी लागतात. वीस वर्षं गंजलेली साखळी वरून धड दिसते, आणि भाराखाली तुटते. अण्णांच्या साखळीने कुणाचा जीव जायला नको.

मग काय ठेवायचं? एक जॅक, एक पहार, तो ठोकळा, एक चेन पुली तिचं हुक बांधून. एवढं फ्लॅटमध्येही मावतं. प्रत्येकाला जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी बांध आणि वर काकांच्या शब्दांत लिही, तुझ्या नव्हे. ते त्याला जे नाव देतील तेच नाव. मी इथे ‘तिरका ठोकळा’ लिहिलंय. त्यांच्या टोळीत त्याला वेगळं काही म्हणत असतील, आणि तो शब्द मिळाला तर तोच मोठा ठेवा. स्लीपर फेकू नका, ते जुनं जंगली लाकूड असतं, पण तेल प्यायलेलं असतं, म्हणून घरात फर्निचरला वापरू नका. बिल्ट्या (मालाच्या पावत्या), भाड्याच्या वह्या, गोदीचे पास सापडले तर ते ट्रकपेक्षा मोलाचे समज. त्यांचे नीट फोटो काढ. पुण्याला टाटा सेंट्रल अर्काइव्हज आहे, तिथे चांदणीवाल्या १२१०चे कामावरचे फोटो दाखवून बघ. आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. रेकॉर्डिंग उतरवून त्याची टाइप केलेली प्रत ठेवून घ्याल का, असं तिथे जाऊन विचार.

काका पहिल्या दिवशी येणार नाहीत कदाचित. तू एकटीच जा, ट्रक धुवायला घे आणि बाबांना फोन करून विचार की बॉनेट कुठून उघडतं. त्यांना सांगता आलं नाही की ते काकांना फोन करतील. भाऊ-भाऊ आहेत, अबोला तुझा आणि काकांचा आहे, त्यांचा नाही. काका आले आणि पुन्हा ओरडले तर ओरडू दे. त्यांच्या तक्रारीही रेकॉर्ड कर. अण्णांबद्दल राग असेल तर तोही. तो गाडीच्या भंगाराबरोबर काट्यावर जाऊ नये, त्यांना तो एकदा कुणालातरी सांगता यावा.

शेवटी एक काम. गाडी जाण्याआधी मागच्या पाट्यातलं एक पान काढून घ्यायला सांग. ते पोलाद फार चांगलं असतं, खेड्यापाड्यातले कोयते आणि विळ्या त्याच्याच असतात. माझ्या आईची विळी बाबांनी स्वतः एका तुटक्या पानातून घडवून घेतली होती. दुकानातलं सगळं गेलं तरी ती राहिली, कारण ती स्वयंपाकघरात होती. कोबी आजही मी तिच्यावरच चिरते. मुरबाडच्या बाजाराकडे लोहार भेटेल. दोन विळ्या करून घे, एक तुला, एक काकूंना. आणि पान तापवून पाण्यात विझवू नकोस म्हणावं, तेलात विझव. पाण्यात ते तडकतं. झाल्यावर टांगून एकदा वाजवून बघ.